आल्थिया शाळेत परत गेली

टेनिस हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिला नसेल. हुतुतू, विटीदांडू, कुस्ती हे आपल्या ओळखीचे. क्रिकेट तर गावोगाव पोचले आहे. टेनिस मात्र अजून शहरांत, आणि शहरांतही थोड्याच ठिकाणी खेळतात. म्हणून आधी खेळ समजून घेऊ आणि मग खेळणारीकडे वळू.

७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असे मैदान आखतात. त्याला कोर्ट म्हणतात. (जिथे कज्जे चालतात ते कोर्ट वेगळे!) मधोमध एक जाळी बांधतात. मध्यावर तिची उंची ३ फूट असते. जाळीच्या अलीकडे एक खेळाडू, पलीकडे एक. दोघांच्या हातांत रॅकेट असते. रॅकेट म्हणजे तातीने विणलेली, दांडा लावलेली जाळीदार फळी. चेंडू जाळीवरून पलीकडे मारायचा. तो रेषेच्या आत पडला पाहिजे, आणि समोरच्याला परत मारता येऊ नये. इतकेच. पण हे 'इतकेच' शिकायला माणसाची दहा-दहा वर्षे जातात.

गुण मोजण्याची रीत थोडी विचित्र आहे. पहिला गुण मिळाला की १५ म्हणतात, दुसरा मिळाला की ३०, तिसरा मिळाला की ४०, आणि चौथा मिळाला की एक गेम जिंकला. असे सहा गेम जिंकले की एक सेट होतो. मात्र समोरच्यापेक्षा दोन गेम जास्त हवेत. ६-५ ने सेट संपत नाही. पूर्वी तर दोन गेमचे अंतर पडेपर्यंत खेळत राहावे लागे. त्यामुळे ९-७, १२-१० असेही सेट होत. बायकांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जी जिंकेल ती विजयी. हे ध्यानात ठेवा. पुढे एका सामन्याची हकीकत येणार आहे, तिथे हे लागेल.

आता प्रश्न असा की, पोर टेनिस खेळायला लागते आणि पुढे त्यावर पोट भरते, ते कसे? वाट साधारण अशी आहे. आधी लहान मुलामुलींच्या स्पर्धा. तिथे नाव झाले तर कॉलेजात शिष्यवृत्ती. अमेरिकेत कॉलेजे चांगल्या खेळाडूची फी भरतात, राहण्या-जेवणाची सोय करतात, आणि तो खेळाडू कॉलेजसाठी खेळतो. कॉलेज झाल्यावर ज्याच्यात दम आहे तो बक्षिसाच्या पैशांसाठी खेळतो. त्याला धंदेवाईक किंवा व्यावसायिक खेळाडू म्हणतात. ज्याला घरचे पाठबळ आहे त्याला ही वाट पायऱ्यांसारखी दिसते. ज्याला नाही त्याला ती भिंतीसारखी वाटते. आल्थिया गिब्सन नावाच्या मुलीने ही भिंत कशी ओलांडली ते आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण भागात साउथ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथल्या सिल्व्हर या खेड्यात २५ ऑगस्ट १९२७ रोजी आल्थियाचा जन्म झाला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. पीक बुडाले की वाटाही बुडाला. १९३० च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्क शहरात आले. तिथे हार्लेम नावाची काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. बापाला गॅरेजमध्ये काम मिळाले.

काळे लोक म्हणजे कोण, हेही सांगायला हवे. यांच्या वाडवडिलांना गोऱ्या लोकांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेले. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने गेली, पण वेगळेपणा गेला नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, गाडीत बसायची जागा मागे. आमच्या वाचकांना याचा अर्थ फार फोडून सांगायला नको. टेनिसमध्येही तसेच होते. गोऱ्यांच्या क्लबात काळ्यांना प्रवेश नाही. म्हणून काळ्या लोकांनी १९१६ मध्ये आपली स्वतःची संस्था काढली. तिचे नाव अमेरिकन टेनिस असोसिएशन. ती आपल्या स्पर्धा आपण भरवीत असे.

आल्थिया ज्या १४३ नंबरच्या रस्त्यावर राहत होती, तो रस्ता दिवसा गाड्यांना बंद करीत आणि मुलांना खेळायला मोकळा ठेवीत. तिथे डांबरावर खडूने रेषा मारून मुले पॅडल टेनिस खेळत. लहान मैदान, लाकडाची आखूड बॅट. पोरगी उंच, काटक आणि हट्टी. १९३९ मध्ये, बारा वर्षांची असताना, ती या खेळात न्यूयॉर्क शहराची अजिंक्य ठरली.

शाळेत मात्र तिचा पाय टिकत नव्हता. सकाळी निघायची आणि शाळा सोडून दुसरीकडेच भटकायची. कधी सिनेमा, कधी नुसतीच भुयारी रेल्वेत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरी गेले की बाप मारील, म्हणून रात्रीही घरी जायची नाही. बाप तिला ठोसेबाजी शिकवी. वस्ती दांडगी होती, पोरीला आपले रक्षण करता यावे असा त्याचा विचार. पण त्याचा हातही जड होता. एकदा तर ती मारहाण झालेल्या मुलांसाठी असलेल्या आश्रयगृहात जाऊन राहिली. आता अशा मुलीला कोणी 'वाया गेलेली' म्हटले तर आपण काय म्हणणार? म्हणणारे पुष्कळ होते.

उन्हाळ्यात गल्लीतल्या मुलांचे खेळ घेण्यासाठी बडी वॉकर नावाचा एक वादक नगरपालिकेच्या कामावर असे. त्याने तिचा हात ओळखला. जुनी रॅकेट आणून दिली आणि भिंतीवर चेंडू मारायला लावला. पुढे शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. वर्गणी काढणारे कोणी शेठसावकार नव्हते, तेही तिच्याच वस्तीत राहणारे. त्या पैशांतून १९४० मध्ये तिला हार्लेममधल्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबात घातले. तिथे फ्रेड जॉन्सन नावाचे शिक्षक होते. त्यांना एकच हात होता. त्या एका हाताने त्यांनी तिला रॅकेट कशी धरायची, पाय कसे टाकायचे, हे शिकवले. क्लबातल्या प्रतिष्ठित मंडळींना तिचे वागणे रुचत नसे. तिलाही त्यांचे शिष्टाचार रुचत नसत. तिला वाटे, खेळ म्हणजे समोरच्याला लोळवणे. मैदानावर हसून हात मिळवायचा आणि तरीही लोळवायचे, हे तिला हळूहळू कळले.

१९४४ आणि १९४५ या दोन्ही वर्षी ती काळ्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली. म्हणजे वाटेची पहिली पायरी ती चढली. पण दुसरी पायरी कुठे होती? कॉलेजात जायचे तर आधी शाळा हवी, आणि शाळा तर तिने सोडलेली! पोटासाठी ती मिळेल ते काम करी. हॉटेलात लिफ्ट चालवली, कोंबड्या साफ करण्याचे काम केले. नोकरी धरायची आणि सोडायची, असे चालले होते.

१९४६ च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातल्या विल्बरफोर्स या गावी काळ्या लोकांची राष्ट्रीय स्पर्धा होती. आल्थिया आता बायकांच्या गटात खेळत होती. ती शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली आणि हरली. हरल्यावर तिला वाटले, आता आपल्याला कोण विचारतो! पण प्रेक्षकांत दोन डॉक्टर बसले होते. एक ह्यूबर्ट ईटन, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन गावचे. दुसरे रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावचे. दोघेही काळे, दोघांनाही टेनिसचे वेड, आणि दोघांच्याही घराच्या आवारात कोर्ट होते. सार्वजनिक कोर्टांवर आपल्या माणसांना पाऊल टाकता येत नाही, म्हणून त्यांनी घरीच कोर्ट बांधले होते.

डॉक्टरांनी तिला विचारले, कॉलेजात जायला आवडेल का? खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळू शकेल. तिने सरळ सांगितले की कॉलेजचे राहू द्या, आपली हायस्कूलची शाळाच झालेली नाही. मग दोघांनी मिळून बेत ठरवला. शाळेच्या दिवसांत तिने ईटन यांच्या घरी राहायचे, शिकायचे आणि त्यांच्या कोर्टावर खेळायचे. उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे जायचे आणि त्यांच्या मोटारीतून गावोगावच्या स्पर्धा करायच्या. खर्च दोघांनी उचलायचा.

आल्थियाच्या मनाची चलबिचल झाली. न्यूयॉर्क मोठे शहर, तिथे निदान मोकळे हिंडता येई. दक्षिणेत जायचे म्हणजे बसमध्ये मागे बसायचे, हॉटेलात दारातूनच परतायचे. शुगर रे रॉबिन्सन हा नामांकित ठोसेबाज तिच्या ओळखीचा होता. त्याने सांगितले, जा. अंगात कितीही हुनर असला तरी शिक्षण असले तर त्याचा जास्त उपयोग होतो, असे त्याचे मत होते. सप्टेंबर १९४६ मध्ये ती आपले सामान घेऊन विल्मिंग्टनला आली.

शाळेने तिची परीक्षा घेतली आणि दहाव्या इयत्तेत बसवले. तेव्हा तिचे वय होते १९. आजूबाजूला पंधरा वर्षांची मुले. ही सगळ्यांत उंच, सगळ्यांत थोरली, आणि पुष्कळ गोष्टींत सगळ्यांत मागे. तुमच्यापैकी जे दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला येतात, पोराच्या वयाच्या मास्तरांपुढे पाटी धरतात, त्यांना हे बाक केवढे टोचते ते ठाऊक आहे. बायका तर आम्हांला सांगतात की, घरून निघताना पदराखाली पुस्तक लपवतो. आल्थियाला लपवायलाही जागा नव्हती. साऱ्या शाळेला ती दिसे.

ईटन यांच्या घरी शिस्त होती. वेळेवर जेवण, वेळेवर अभ्यास, सांगितल्याशिवाय बाहेर जायचे नाही. खर्चायला पैसे मिळत, तेही घरच्या मुलांसारखेच. ज्या मुलीने आजवर कोणाचे ऐकले नव्हते तिला हे जाचले असणार. पण ती टिकली. शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवू लागली. तीन वर्षांत, १९४९ मध्ये, तिने हायस्कूल पुरे केले. त्याच काळात खेळही चढत होता. १९४७ मध्ये तिने काळ्या बायकांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढे १९५६ पर्यंत दरवर्षी ते तिच्याकडेच राहिले. म्हणजे किती वर्षे झाली? मोजून पाहा. ओळीने दहा.

डॉक्टर जॉन्सन यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. ते पुढे अनेक वर्षे दर उन्हाळ्यात काळ्या मुलांना घरी ठेवून शिकवीत. त्यांचा एक नियम होता. आपल्या बाजूला चेंडू रेषेच्या अगदी जवळ पडला आणि आत की बाहेर अशी शंका आली, तर तो आतच पडला असे धरायचे आणि खेळत राहायचे. स्वतःचे नुकसान झाले तरी चालेल. का? तर गोऱ्यांच्या स्पर्धेत काळे मूल भांडले असे म्हणायला कोणाला जागा मिळू नये. एकदा तसे कारण सापडले की दार पुन्हा बंद! आम्हांला हा नियम शहाणपणाचा वाटतो, आणि अन्यायाचाही वाटतो. लहान मुलाने दुसऱ्याच्या मनातल्या अढीची किंमत आपल्या गुणांतून भरायची, हे काही बरे नव्हे. पण डॉक्टरांना त्याच दिवसांत, त्याच मैदानांवर मुले उतरवायची होती.

१९४९ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या टॅलाहासी येथील फ्लोरिडा ए. अँड एम. या काळ्या लोकांच्या विद्यापीठाने तिला पूर्ण शिष्यवृत्ती दिली. वाटेची दुसरी पायरी आली. तिथे ती टेनिस खेळे, बास्केटबॉलही खेळे, आणि अभ्यासही करी. १९५३ मध्ये ती पदवीधर झाली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होत आली होती.

ही कॉलेजची वाट आजही चालू आहे. आपल्याकडची मुलेही तिने गेली आहेत. सोमदेव देववर्मन हा खेळाडू अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला. तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे तो पहिला आला आणि मग धंदेवाईक झाला. आपल्या महाराष्ट्रातली ऋतुजा भोसले टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठाकडून खेळली. परत येऊन ती व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर जोडीने खेळून तिने सोन्याचे पदक मिळवले. शेवटच्या सामन्यात या जोडीने पहिला सेट २-६ असा गमावला होता. मुलींना अशा शिष्यवृत्त्या मोठ्या संख्येने मिळू लागल्या त्या १९७२ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये. आल्थियाच्या वेळी असा कायदा नव्हता.

आता आपण १९५० मध्ये येऊ.

न्यूयॉर्कजवळ फॉरेस्ट हिल्स येथे दरवर्षी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होई. तिथे आजवर एकही काळा खेळाडू उतरला नव्हता. 'काळ्यांना बंदी' असा नियम कुठे लिहिलेला नव्हता बरे का! नियम एवढाच होता की, आधी हिरवळीच्या मोठ्या स्पर्धांत खेळून गुण दाखवावेत. त्या स्पर्धा गोऱ्यांच्या क्लबांत होत, आणि क्लब तिला बोलावीत नसत. बोलावणे नाही म्हणून खेळ नाही, आणि खेळ नाही म्हणून बोलावणे नाही! असा हा फेरा. कागदावर कोणाचाच दोष दिसत नाही. अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला असले फेरे चांगले ठाऊक असतात.

हा फेरा एका पत्राने तुटला. अॅलिस मार्बल ही गोरी बाई पूर्वी चार वेळा अमेरिकेची अजिंक्य होती. तिने जुलै १९५० मध्ये एका टेनिसच्या मासिकात लेख लिहिला. त्यात तिने आपल्याच मंडळींना खडसावले. ही मुलगी चांगली खेळते की नाही ते मैदानावर ठरू द्या, कातडीच्या रंगावरून ठरवू नका, असा त्याचा आशय होता. आपल्या खेळाला आपणच लाज आणतो आहोत, असे तिने स्पष्ट म्हटले. तिने लिहिले नसते तर दार आणखी किती वर्षे बंद राहिले असते कोण जाणे. थोड्याच दिवसांत न्यू जर्सीतल्या एका क्लबाने आल्थियाला बोलावले, आणि मग फॉरेस्ट हिल्सचे आमंत्रण आले.

२८ ऑगस्ट १९५० या दिवशी ती तिथे पहिला सामना खेळली आणि ६-२, ६-२ असा जिंकली. तीनच दिवसांपूर्वी तिला तेवीस वर्षे पूर्ण झाली होती. दुसरा सामना लुईस ब्रो या बाईशी होता. ब्रो म्हणजे त्या वर्षीची विंबल्डनची विजेती. विंबल्डन ही इंग्लंडमधली स्पर्धा, टेनिसमध्ये सर्वांत मानाची. पहिला सेट ब्रोने ६-१ असा घेतला. दुसरा आल्थियाने ६-३ असा घेतला. तिसऱ्या सेटमध्ये आल्थिया ७-६ अशी पुढे होती. अजून एक गेम मिळाला असता की ८-६, म्हणजे सामना तिचा. तेवढ्यात आभाळ भरून आले आणि गडगडाट सुरू झाला. वीज कडाडली आणि मैदानाच्या भिंतीवर बसवलेला दगडी गरुड खाली कोसळला. खेळ थांबला. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरले.

रात्र मध्ये गेली. रात्रभर वाट पाहणे वाईट. दुसऱ्या दिवशी सामना अवघी अकरा मिनिटे चालला. ब्रोने लागोपाठ तीन गेम जिंकले. ७-६ चे ७-९ झाले आणि आल्थिया हरली.

यानंतर ती झपाट्याने वर गेली असेल असे आपल्याला वाटते. गोष्टीत तसे होते. इथे तसे झाले नाही. १९५१ मध्ये ती विंबल्डनला गेली आणि तिसऱ्या फेरीत हरली. नंतरची तीन-चार वर्षे नुसतीच गेली. दार उघडणे वेगळे आणि घरात स्थिर होणे वेगळे. पदवी मिळाल्यावर तिने मिसुरी राज्यातल्या लिंकन विद्यापीठात व्यायाम आणि खेळ शिकवण्याची नोकरी धरली. टेनिस सोडून सैन्याच्या महिला विभागात जावे, असेही तिच्या मनात येऊ लागले. या पडत्या काळात सिडनी लुएलिन नावाचा हार्लेममधला शिक्षक तिच्या पाठीशी राहिला. तो टॅक्सी चालवी आणि टेनिस शिकवी. त्याने तिची रॅकेट धरण्याची पद्धतच बदलून टाकली. पंचविशी उलटल्यावर हाताची जुनी सवय मोडायची म्हणजे सोपे नाही. डाव्या हाताने लिहून पाहा म्हणजे कळेल.

१९५५ च्या अखेरीस अमेरिकेच्या सरकारने चार खेळाडू आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. त्यांत आल्थिया होती. ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान, सिलोन असा हा दौरा झाला. आपल्या देशातही ती खेळली. सरकारने तिलाच का निवडले, हे तिला कळत होते. अमेरिकेत काळ्यांचे हाल होतात हे जगभर बोलले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा मिसिसिपी राज्यात निर्घृण खून झाला होता. तेव्हा आमच्याकडे काळ्यांनाही संधी मिळते, हे सरकारला दाखवायचे होते. हेतू सरकारचा होता, पण चेंडू तिचा होता. या दौऱ्यात तिला रोज खेळायला मिळाले आणि हात बसला. पुढे युरोपात तिने स्पर्धांमागून स्पर्धा जिंकल्या. मे १९५६ मध्ये फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले. जगातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकणारी ती पहिली काळी व्यक्ती ठरली. शेवटचा सामना ६-०, १२-१० असा झाला.

त्या वर्षी जोडीच्या सामन्यांत तिची साथीदार होती इंग्लंडची अँजेला बक्स्टन. ती ज्यू होती. ज्यू असल्यामुळे तिलाही क्लबांचा वाईट अनुभव आला होता. जिला कोणी जोडीला घेत नव्हते अशा दोघींनी एकमेकींना घेतले. त्यांनी फ्रान्समध्ये आणि विंबल्डनमध्ये जोडीचे अजिंक्यपद मिळवले. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

६ जुलै १९५७ रोजी आल्थिया विंबल्डनची विजेती झाली. शेवटच्या सामन्यात तिने डार्लिन हार्ड हिला ६-३, ६-२ असे हरवले. राणी एलिझाबेथने स्वतःच्या हाताने तिला बक्षीस दिले. पाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये उघड्या मोटारीतून तिची मिरवणूक निघाली. वरच्या मजल्यांवरून लोकांनी कागदाच्या फितींचा वर्षाव केला. त्याच महिन्यात शिकागोकडे ती एका स्पर्धेला गेली, तर तिथल्या हॉटेलने तिला खोली नाकारली. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या. सप्टेंबरात ती फॉरेस्ट हिल्सला जिंकली. समोर होती तीच लुईस ब्रो. या वेळी पाऊस आला नाही. १९५८ मध्ये तिने विंबल्डन आणि अमेरिका ही दोन्ही अजिंक्यपदे पुन्हा मिळवली.

आणि मग तिने हौशी टेनिस सोडले. एकतिसाव्या वर्षी, सर्वांत वर असताना. का सोडले? कारण हातात पैसा नव्हता. त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंच्या असत. विंबल्डन जिंकले तर ताट, मान आणि टाळ्या. रोख एक पैसा नाही. पैसा घेतला तर तुम्ही धंदेवाईक, आणि धंदेवाईकाला त्या स्पर्धांत प्रवेश नाही. आम्हांला नेहमी वाटते की, हा नियम करणाऱ्यांच्या घरी चूल पेटण्याची काळजी नसावी. घरी शेतीवाडी असेल तर हौस परवडते. वाट्याने कापूस पिकवणाऱ्याच्या मुलीने काय करावे?

तिसरी पायरी, म्हणजे धंदेवाईक खेळ, तिच्यासाठी जवळजवळ बांधलेलीच नव्हती. पुरुषांचे थोडे फिरते दौरे होते. बायकांसाठी तेवढेही नव्हते. तिने गाण्याची तबकडी काढली. 'द हॉर्स सोल्जर्स' या १९५९ च्या सिनेमात मोलकरणीचे काम केले. त्यात काळ्या माणसांची टर उडवणारी मोडकी बोली बोलायची होती. ती तिने बोलायला नकार दिला आणि संवाद बदलून घेतले. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा करमणुकीचे बास्केटबॉल खेळणारा काळ्या खेळाडूंचा फिरता संघ होता. त्यांच्या खेळाच्या दिवशी त्याच लाकडी जमिनीवर जाळी बांधून ती कॅरल फॅगेरॉस हिच्याशी टेनिस खेळे. विंबल्डनची राणी गावोगाव तंबूतल्या खेळासारखी फिरत होती. त्यात पैसे मिळाले. पण पुढे तिने स्वतःचा दौरा काढला, तो तोट्यात गेला. १९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती गोल्फची धंदेवाईक खेळाडू झाली. त्या बायकांच्या दौऱ्यातही ती पहिलीच काळी स्त्री. काही क्लबांत तिला कपडे बदलायला आत येऊ देत नसत. ती आपल्या मोटारीत कपडे बदली आणि मैदानावर जाई. पुढे न्यू जर्सी राज्याने तिला क्रीडा आयुक्त नेमले.

टेनिसचा पैसा खुला झाला तो १९६८ मध्ये. त्या वर्षापासून हौशी आणि धंदेवाईक एकत्र खेळू लागले. तिच्या बाबतीत दहा वर्षे उशीर झाला होता. त्या वर्षीची अमेरिकेची स्पर्धा आर्थर अॅश याने जिंकली. तो डॉक्टर जॉन्सन यांच्याच हाताखाली तयार झालेला काळा मुलगा. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो १९६५ मध्ये पहिला आला होता. पण १९६८ मध्ये तो सैन्यात होता आणि हौशी म्हणून नोंदलेला होता. म्हणून १४,००० डॉलरचे पहिले बक्षीस त्याला घेता आले नाही. ते हरलेल्या टॉम ओक्करला मिळाले. अॅशला मिळाला रोजचा २० डॉलर भत्ता. बायकांना पुरुषांइतके बक्षीस अमेरिकेच्या स्पर्धेत १९७३ पासून मिळू लागले. विंबल्डनला ते २००७ पर्यंत मिळाले नाही. २००७ मध्ये तिथे जिंकलेली व्हीनस विल्यम्स हीही काळीच मुलगी. तीही गरीब वस्तीतल्या सार्वजनिक कोर्टावर खेळायला शिकली होती.

आल्थियाने ते पाहिले नाही. १९९० नंतर तिची प्रकृती ढासळली. औषधालाही पैसे पुरेनात. तिने फोन केला तो अँजेला बक्स्टनला. अँजेलाने इंग्लंडहून पैसे पाठवले आणि तिची अवस्था टेनिसच्या मासिकातून लोकांना कळवली. मग देशोदेशींहून पाकिटे येऊ लागली. पाकिटांत धनादेश, नोटा आणि पत्रे असत. २८ सप्टेंबर २००३ रोजी न्यू जर्सीत ईस्ट ऑरेंज येथे तिचा मृत्यू झाला.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या टेनिस मैदानाबाहेर तिचा पुतळा उभा राहिला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने पाव डॉलरच्या नाण्यावर तिचे चित्र काढले. चार नाणी मिळून एक डॉलर होतो. हातात रॅकेट आहे, आणि बाजूला तिचे नाव आहे. ते वाचता येते.